रंग न दिलेल्या मस्टँगची किंमत

१० जानेवारी २०२० रोजी फ्लोरिडातल्या किसिमी इथे मीकम कंपनीच्या लिलावात एक हिरवी फोर्ड मस्टँग मोटार बोलीसाठी आली. रंग विटलेला, पत्र्यावर जागोजागी गंज, आतल्या सीटा झिजलेल्या. आपल्याकडे साधी स्कूटर विकायची झाली तरी आधी तिला गॅरेजात नेऊन रंग मारून घेतात, निदान पॉलिश तरी करतात. हिच्या बाह्यरूपाला कुणी हात लावला नव्हता. बोली काही हजार डॉलरवर उघडली, बघता बघता लाखांत गेली आणि ३४ लाख डॉलरवर हातोडा पडला. खरेदीदाराने लिलाव कंपनीला वरून द्यायचे दहा टक्के धरले की ३७ लाख ४० हजार. त्या वेळच्या दराने साडेसव्वीस कोटी रुपयांच्या आसपास.

हिच्याच साली, म्हणजे १९६८ मध्ये, कारखान्यातून निघालेली, तेच इंजिन असलेली, नीट जपलेली मस्टँग तेव्हा एक लाख डॉलरच्या आत-बाहेर मिळत होती. वरचे ३३ लाख कशाचे, हा एक प्रश्न. पण गाडी विकायला निघालेल्या माणसाला त्याहून मोठा पेच पडतो : जिच्यासारखी दुसरी बाजारात कधी आलीच नाही, तिची किंमत सांगायची काय? या प्रकरणातल्या मालकाने ती सांगितलीच नाही. त्याचं बरोबर होतं असं माझं मत आहे. आणि त्या घराने पंचेचाळीस वर्षांत गाडीचं काय काय केलं नाही हे पाहत गेलं, की भाव कुठून आला तेही कळतं.

नंबर बोलतो

गाडी फोर्ड मस्टँग जीटी, १९६८ ची. फास्टबॅक, म्हणजे छप्पर मागे थेट डिकीपर्यंत उतरत गेलेलं. ३९० घनइंची व्ही-८ इंजिन, ३२५ अश्वशक्ती, हाताने टाकायचे चार गिअर, रंग हायलँड ग्रीन. काटेकोर बोलायचं तर मस्टँगला अमेरिकन लोक पोनी कार म्हणतात, आणि मसल कार हे नाव मध्यम आकाराच्या अंगात अजस्र इंजिन कोंबलेल्या गाड्यांना देतात. पण ३९० चं इंजिन बसलं की हा वाद चहाच्या कपापुरता उरतो.

'बुलिट' या चित्रपटासाठी अशा दोन गाड्या घेतल्या गेल्या. दोघींचे चेसिस नंबर एकापाठोपाठचे, शेवट १२५५५८ आणि १२५५५९. मॅक्स बाल्चोव्स्की या मेकॅनिकने त्यांचं सस्पेन्शन मजबूत केलं, बिल्ले उतरवले गेले, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर सुमारे अकरा मिनिटांचा तो पाठलाग चित्रित झाला. आदळआपटीची कामं मुख्यतः ५५८ च्या वाट्याला आली. ५५९ ही पडद्यावर नायक स्टीव्ह मॅक्वीनची गाडी, चेहऱ्याजवळून दिसणारी. किसिमीला विकली गेली ती हीच. चित्रपट ऑक्टोबर १९६८ मध्ये लागला.

पूर्ण नंबर असा : ८ आर ०२ एस १२५५५९. पहिला ८ म्हणजे साल १९६८. आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे फास्टबॅक. एस म्हणजे ३९० चं चार तोंडी कार्बोरेटरवालं इंजिन. पुढचा आकडा अनुक्रमांक. जुन्या गाडीचा व्यवहार करणारा माणूस आधी बॉनेट उघडत नाही, आधी हा नंबर वाचतो. एस च्या जागी दुसरं अक्षर असेल आणि आत ३९० बसलेलं असेल, तर ते इंजिन नंतर कुणीतरी घातलंय. तिथेच निम्मी किंमत गळते.

सहा हजार डॉलर आणि एक पत्र

चित्रीकरण संपल्यावर ५५९ स्टुडिओतल्याच एका कर्मचाऱ्याने घेतली. १९७० मध्ये ती न्यू जर्सीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याकडे गेली. त्याने १९७४ मध्ये 'रोड अँड ट्रॅक' मासिकात छोटी जाहिरात दिली आणि विमा क्षेत्रात काम करणाऱ्या रॉबर्ट कियर्नन यांनी ती ६,००० डॉलरना विकत घेतली. मग ती घरची गाडी झाली. रॉबर्टच्या बायको शाळेत शिकवायच्या, त्या रोज हीच घेऊन शाळेत जायच्या. चित्रपटात गाजलेली गाडी शाळेच्या आवारात उभी, हे चित्र मला फार आवडतं. त्यातला व्यवहारी भाग असा की वापरामुळे गाडी चालती राहिली आणि तिची मोडतोडही घरगुती राहिली. कुणी तिला 'सुधारायला' घेतलं नाही.

डिसेंबर १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनचं पत्र आलं. गाडी परत हवी होती. बदल्यात तशीच दुसरी मस्टँग शोधून देतो, फार पैसे लागणार नसतील तर, नाहीतर सोडून देऊ, असा मजकूर. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे : गाडी नव्यासारखी करायची नाही, चित्रपटात होती त्याच अवस्थेत ठेवायची आहे, असं त्याने लिहिलं होतं. कियर्नन यांनी गाडी दिली नाही. दिली असती तर हातात एक साधी ३९० मस्टँग आली असती आणि २०२० मध्ये तिचे लाखभर डॉलर झाले असते.

विक्रीच्या दृष्टीने पाहिलं तर त्या नकाराने दोन कामं केली. एक म्हणजे ज्याच्यामुळे गाडीला मोल, त्याच्याच सहीचा पुरावा घरात आला, तोही विक्रेत्याने मिळवलेला नव्हे, आपण होऊन आलेला. दुसरं म्हणजे पुढे गाडीला रंग द्यावा की नाही या वादाचा निकाल मॅक्वीननेच आधी लावून ठेवला. तो १९८० मध्ये वारला.

त्याच वर्षी क्लच गेला. ओडोमीटरवर ६५ हजार मैलांच्या आसपास. दुरुस्ती पुढे ढकलली गेली, संसार वाढला, बदल्या झाल्या, गाडी घरासोबत फिरत शेवटी टेनेसीत नॅशव्हिलजवळ येऊन थांबली. रॉबर्ट कुणाला सांगत नसत. जगभरचे मस्टँगवेडे ५५९ शोधत होते आणि ती एका गॅरेजात झाकून ठेवलेली. ही गुप्तता मुद्दाम भाव वाढवण्यासाठी होती असं म्हणता येणार नाही. सततच्या फोनांचा आणि आगंतुकांचा वैताग हेच कारण पुरेसं आहे. पण परिणाम तोच झाला. गाडी दिसत नव्हती म्हणून तिच्या नावाने खोट्या गाड्या, अफवा आणि दंतकथा तयार झाल्या, आणि खरी समोर आली तेव्हा गिऱ्हाईक आधीच तयार होतं.

पुरावा आधी, किंमत नंतर

रॉबर्ट २०१४ मध्ये गेले. गाडी मुलगा शॉन याच्या हाती आली. त्याचं पोट गाड्यांच्या रंगाच्या व्यवसायावर. रंगाच्या धंद्यातल्या माणसाने त्या गाडीला रंग दिला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्याने यंत्रभाग चालता केला आणि बाहेरून तिला जशी होती तशी सोडली.

त्यापुढचं काम कागदांचं. केव्हिन मार्टी हे नाव अमेरिकेत फोर्डच्या जुन्या गाड्यांसाठी कुंडलीवाल्यासारखं आहे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन नोंदी त्यांच्याकडे आहेत, आणि गाडी कोणत्या कारखान्यात, कोणत्या रंगात, कोणत्या सामानासह बनली याचा दाखला ते देतात. त्यांनी ५५९ तपासून खरी ठरवली. नंबर जुळला, आणि चित्रीकरणाच्या खुणाही सापडल्या : कॅमेरा आणि दिव्यांचं सामान बसवण्यासाठी केलेले जोड, पाडलेली भोकं. आता गंमत पाहा. एखाद्या हौशी मालकाने १९९० च्या दशकात ही गाडी 'नवीकोरी' केली असती, तर त्याने पहिल्यांदा हीच भोकं बुजवली असती. पत्र्यातली चार भोकं लाखो डॉलरची असू शकतात, हे ज्याला कळलं त्याला हा बाजार कळला.

आपल्याकडच्या नियमातही याची छाया आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न केलेली, तिलाच 'व्हीए' मालिकेचा नंबर. वडिलांची जुनी फियाट किंवा आजोबांची ऑस्टिन नातवाने हौसेने बदलून टाकली, की तिची गोष्ट तिथेच संपते.

२०१७ मध्ये आणखी एक घटना घडली, जी विक्रेत्याच्या पोटात गोळा आणणारी होती : मेक्सिकोत ५५८ सापडली. तीही मार्टी यांनीच खरी ठरवली. 'जगात एकच' हे वाक्य आता 'दोनपैकी एक' झालं. पण ५५८ चे हाल झालेले होते आणि तिच्या मालकांची साखळी तुटलेली होती. ५५९ कडे मात्र स्टुडिओपासून गॅरेजपर्यंतचे सगळे मालक ओळीने उभे होते. माझ्या मते मेक्सिकोतल्या गाडीने ५५९ चं नुकसान केलं नाही, उलट चर्चा पेटवली.

जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात फोर्डने नवी बुलिट मस्टँग आणली, आणि शेजारी ५५९ उभी केली. मग ती अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली, वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर काचेच्या पेटीत उभी राहिली, इंग्लंडमध्ये गुडवुडच्या मोटार-उत्सवाला गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये विक्री जाहीर झाली. म्हणजे प्रकट होणं आणि विकणं यांत दोन वर्षं गेली. लोहा गरम असताना का मारला नाही, असं कुणी विचारेल. मला वाटतं या दोन वर्षांत शंका विझल्या. गाडी हजारोंनी जवळून पाहिली, तज्ज्ञांनी वाकून पाहिली, आणि कुणी 'खोटी' म्हणालं नाही. एवढी तपासणी कुठल्याही खरेदीदाराला पैसे टाकूनही करून घेता आली नसती.

तुलनेला काय घ्यायचं

घराचा भाव काढताना आपण शेजारच्या इमारतीतला शेवटचा व्यवहार पाहतो. इथे शेजार कोणता? मी चार शेजार मांडून पाहिले.

पहिला, इतर मस्टँग. वर्षभर आधी, त्याच किसिमीत, १९६७ ची शेल्बी जीटी५०० सुपर स्नेक, म्हणजे कॅरल शेल्बीच्या कंपनीने मस्टँगवरून बनवलेली गाडी, २२ लाख डॉलरना गेली होती. तीही एकुलती एक. लिलावातल्या मस्टँगचा तो उच्चांक होता, आणि ५५९ साठी तो तळ मानायला हरकत नव्हती.

दुसरा, अव्वल मसल कार. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल, त्या वर्षी जेमतेम डझनभर बनलेली, २०१४ मध्ये सिअ‍ॅटलला ३५ लाखांवर गेली होती. पण तिथे भाव दुर्मीळपणाचा आणि ४२६ घनइंची हेमी इंजिनाचा. ५५९ ची जात दुर्मीळ नाही.

तिसरा शेजार मॅक्वीनचा. त्याची स्वतःची फेरारी २७५ जीटीबी/४ ऑगस्ट २०१४ मध्ये माँटेरेच्या लिलावात १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलरना गेली. तशा इतर फेरारींच्या मानाने साधारण तिप्पट. हा तिपटीचा गुणक मस्टँगला लावला तर उत्तर येतं तीन लाख! इथे कॅल्क्युलेटरवाल्यांची फसगत होते. फेरारी मॅक्वीनची होती, पण ती पडद्यावर कुणी पाहिली नव्हती. मस्टँग त्याच्या मालकीची कधीच नव्हती, तरी जगाने दोघांना एकत्र पाहिलं. मालकी आणि भूमिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीचा भाव मूळ गाडीच्या किमतीच्या पटीत चालत नाही.

म्हणून खरा शेजार चौथा : पडद्यावरच्या गाड्या. दूरचित्रवाणीवरची मूळ बॅटमोबाइल जानेवारी २०१३ मध्ये ४६ लाख २० हजारांना. जेम्स बाँडच्या खेळण्यांनी सजलेली, चित्रपटाच्या प्रचारासाठी बनवलेली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ ऑगस्ट २०१९ मध्ये ६३ लाख ८५ हजारांना. याच रांगेत ५५९ बसते. खाली २२ लाख, वर ६३ लाख. अंतर पाहा : ४१ लाख डॉलर. एवढ्या फटीत 'माझी किंमत अमुक' म्हणणारा मालक एकतर स्वतःला फसवत असतो किंवा गिऱ्हाईकाला पळवून लावत असतो.

राखीव किंमत नाही

शॉनपुढे तीन वाटा होत्या. गुपचूप एखाद्या संग्राहकाला विकणं. लिलावात राखीव किंमत ठेवून विकणं, म्हणजे त्या आकड्याखाली बोली थांबली तर गाडी परत घरी. किंवा लिलावात राखीव किमतीशिवाय सोडणं, म्हणजे शेवटची बोली काहीही असो, हातोडा पडला की गाडी गेली.

खासगी विक्रीत आकडा एकाच माणसाच्या ऐपतीवर आणि घासाघिशीवर ठरतो. अशा वस्तूचा भाव चढायला दोन वेडे लागतात, आणि दोघं एकाच खोलीत किंवा एकाच वेळी फोनवर लागतात. त्यामुळे लिलाव ठीक. पण राखीव किंमत न ठेवणं हे अंगावर काटा आणणारं आहे. घराची सगळ्यात मोलाची वस्तू, आणि खाली जाळी नाही.

तरी ते इथे योग्य का? राखीव किंमत असली की अनुभवी बोली लावणारे सुरुवातीला गप्प बसतात. मालक विकणारच आहे की नुसता भाव काढतोय, हे त्यांना कळत नसतं. अमेरिकन लिलावात राखीव किंमत उठल्याची घोषणा झाली की मांडवातला आवाज एकदम चढतो, तो त्यामुळेच. ती नसेल तर पहिल्या मिनिटापासून प्रत्येक बोली खरी असते. शिवाय राखीव किंमत ठेवायची तर आकडा ठरवावा लागतो, आणि तो ठरवण्यासाठी लागणारी तुलना नव्हती हे वर आलंच आहे. बहुतेक लिलाव कंपन्या अशा विक्रीला विक्रेत्याची दलालीही कमी लावतात, पण एवढ्या गाडीसाठी ते गौण.

हाच सल्ला मी सगळ्यांना देणार नाही, हे ठासून सांगतो. तुमच्याकडे चांगली पण ओळखीपाळखीची जुनी गाडी असेल, मंगळवारच्या दुपारी ती बोलीला येणार असेल आणि मांडवात तिच्यासाठी एकच गिऱ्हाईक बसलं असेल, तर राखीव किंमत न ठेवणं म्हणजे गाडी दान करणं. ५५९ साठी दोन वेडे येणार याची खात्री त्या दोन वर्षांच्या फिरतीने करून दिली होती.

उलट बाजू २०२१ मध्ये दिसली. मीकमच्याच इंडियानापोलिसच्या लिलावात तशीच एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल ४८ लाखांपर्यंत चढली. राखीव किंमत त्याहून वर होती. विक्री झाली नाही. मालकाचा आकडा चूक होता असं मी म्हणत नाही. पैशाची निकड नसेल तर थांबायला काय हरकत? पण त्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाईकाला ठाऊक आहे की भर मांडवात तिच्यावर ४८ लाखांवर कुणी गेलं नाही. न विकलेल्या गाडीलाही भावाची चिठ्ठी चिकटते, आणि ती मालकाने लिहिलेली नसते.

हिशेब

६,००० चे ३४ लाख ऐकून डोळे विस्फारतात. पण १९७४ ते २०२० अशी साडेपंचेचाळीस वर्षं धरून मांडलं तर वाढ वर्षाला सुमारे पंधरा टक्के चक्रवाढ पडते. उत्तम, पण चमत्कार नाही. त्यातून इतक्या वर्षांचा विमा, जागा, दुरुस्ती, दलाली आणि कर वजा करा. आणि हा परतावा मिळवण्यासाठी चाळीसेक वर्षं गाडी न विकण्याची, न रंगवण्याची, कुणाला न सांगण्याची शिस्त लागली. पैसे वाढावेत म्हणून कुणी गाडी घेऊ पाहत असेल तर त्याने हा पंधराचा आकडा आधी पाहावा, ३४ लाखांचा नंतर.

वेळेचं नशीबही होतं. दोनच महिन्यांत करोनामुळे मांडव बंद पडले आणि लिलाव पुढे ढकलले गेले. विक्री मार्चवर ठेवली असती तर ती कशी झाली असती, हा विचारही नको. लिलावातल्या मस्टँगचा उच्चांक आता ५५९ च्या नावावर होता, पण तो सहा महिने टिकला. जुलै २०२० मध्ये कॅरल शेल्बी यांच्या कंपनीने शर्यतीसाठी बनवलेल्या मस्टँग जीटी३५०आर गाड्यांचा मूळ नमुना इंडियानापोलिसला ३८ लाख ५० हजारांना गेला. एका लाखाच्या थोड्या वर फरकाने.

५५९ कुणी घेतली त्याचं नाव जाहीर झालं नाही. गाडीसोबत कागदांची जाड फाइल गेली, आणि त्या फाइलीत १९७७ चं ते पत्रही होतं.